छपरावरचे ऊन आणि कराचा कागद

सरकारी फॉर्म हा काही कवितेचा विषय नव्हे. तरीही आज मी एका फॉर्मची हकीकत सांगणार आहे. अमेरिकेच्या आयकर खात्याचा हा फॉर्म, क्रमांक ५६९५. घराच्या फटी बुजवल्या, माळ्यावर उष्णता रोखणारा थर घातला किंवा छपरावर सौरबंब बसवला, तर खर्चाचा काही हिस्सा सरकारकडून मागण्यासाठी तो भरायचा.

सुरुवात होते १९७३ च्या ऑक्टोबरात. युद्धात अमेरिकेने इस्रायलला मदत केली म्हणून अरब देशांनी तिचे तेल बंद केले. पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. तिकडच्या थंडीत घर उबदार ठेवायलाही इंधन जाळावे लागते. त्यामुळे टंचाईची झळ थेट घरात पोहोचली. २ फेब्रुवारी १९७७ रोजी नवे अध्यक्ष जिमी कार्टर स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले. घर दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवा, म्हणजे सुमारे १८ आणि १३ सेल्सिअसवर, अशी विनंती त्यांनी केली.

नुसत्या विनंतीने भागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. नोव्हेंबर १९७८ मध्ये ऊर्जा-कर कायदा झाला. आपल्याकडे जुन्या करपद्धतीत विम्याचा हप्ता उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेल्या उत्पन्नावर कर लागतो. ही सवलत तशी नव्हती. इथे कराच्या रकमेतूनच पैसे कमी होत. घराच्या डागडुजीवरील पहिल्या २,००० डॉलरांवर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर. सौरबंबासारख्या साधनांसाठी २,२०० डॉलरपर्यंत. ही मर्यादा १९८० च्या कायद्याने ४,००० वर गेली.

२० जून १९७९ रोजी कार्टर यांनी व्हाइट हाऊसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौरतावदाने बसवली. पुढच्या पिढीला ही एक तर संग्रहालयातली वस्तू वाटेल किंवा एका मोठ्या प्रवासाची सुरुवात, अशा अर्थाचे ते तेव्हा बोलले. १९८५ अखेर सवलतीची मुदत संपली, तेव्हा अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. ती वाढवली गेली नाही. १९८६ मध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी तावदाने उतरवली, ती परत चढली नाहीत. त्याच वर्षी तेलही स्वस्त झाले. सौरबंब बनवणारे कितीतरी कारखाने बंद पडले. उतरवलेली तावदाने पुढे मेन राज्यातल्या एका कॉलेजने नेली आणि आपल्या भोजनगृहाचे पाणी त्यांवर तापवले. त्यांपैकी एक आता खरोखरच स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी, २००५ मध्ये, जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या काळात सवलत परत आली. सौर साधनांवर ३० टक्के, पण कमाल २,००० डॉलर. खिडक्या, दारे, भिंती यांच्या सुधारणेवर १० टक्के, कमाल ५०० डॉलर. ही दुसरी सवलत २००७ अखेर संपली, २००८ मध्ये नव्हती आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे ज्याने खिडकी २००८ मध्ये बदलली, त्याला काही नाही. शेजाऱ्याने तीच खिडकी वर्षभर थांबून बदलली, त्याला पैसे.

२०२२ मध्ये जो बायडेन यांच्या कायद्याने सौरऊर्जेवर ३० टक्के सवलत २०३२ पर्यंत देऊ केली. घरसुधारणेची सवलतही तितकीच लांबवली. लोकांनी कर्जाचे हिशेब त्यावर मांडले. पण ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने दोन्ही सवलती ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी बंद केल्या. दहा वर्षांचे वचन साडेतीन वर्षांत आटोपले.

या हकीकतीला आणखी एक बाजू आहे. सवलत करातून मिळते, तेव्हा ज्याला करच लागत नाही त्याच्या हाती काय येणार? कॅलिफोर्निया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सेवेरिन बोरेनस्टाइन आणि लुकस डेव्हिस यांनी २००६ पासूनच्या घरांच्या आणि वाहनांच्या अशा सवलतींचा हिशेब केला. सर्वाधिक उत्पन्नाच्या वीस टक्के कुटुंबांकडे सुमारे साठ टक्के रक्कम गेली. खालच्या साठ टक्के कुटुंबांच्या वाट्याला मिळून सुमारे दहा टक्के. भाडेकरूची अडचण वेगळीच. छप्पर मालकाचे, विजेचे बिल मात्र त्याचे. फटीतून येणारा वारा सर्वात जास्त सोसणारा माणूस या फॉर्मपर्यंत पोहोचतच नाही.

आपल्याकडे २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत वेगळा मार्ग घेतला गेला. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान थेट बँक खात्यात येते, त्यासाठी आयकर भरणारा असण्याची गरज नाही. पण छप्पर स्वतःचे हवे, ही अट इथेही आलीच.

छपरावर बसवलेला सौरसंच वीस-पंचवीस वर्षे चालतो, घर तर त्याहून जास्त. अमेरिकेत या सवलतीचा कायदा मात्र कधी सात वर्षांत, कधी दोन वर्षांत, कधी साडेतीन वर्षांत संपला. सामान्य माणूस घरावर खर्च करतो तो आयुष्यभराची पुंजी मोडून. त्याला सांगितलेली मुदत तरी पाळली जावी, एवढी त्याची अपेक्षा असते. ती काही फार मोठी नाही.