बलोपासना ते मनःस्वास्थ्य : मराठी आरोग्यविषयक ग्रंथलेखनातील वाचकाचे बदलते स्थान

प्रस्तावना

आरोग्य, मनःस्वास्थ्य आणि व्यक्तिमत्त्व विकास या विषयांवरील पुस्तकांना ग्रंथालयाच्या वर्गीकरणात स्थान असते. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ते सहसा नसते. कथा, कादंबरी व काव्य यांचे कालखंड पाडून अभ्यास होतो. इतिहासाचे अभ्यासक वृत्तपत्रे, पत्रव्यवहार व दप्तरे तपासतात. परंतु घरोघरी वाचली गेलेली आरोग्यविषयक पुस्तके ही 'उपयुक्त वाङ्मय' म्हणून बाजूला ठेवली जातात. वस्तुतः समाज शरीराकडे, स्त्रीकडे, विवाहाकडे आणि दुःखाकडे कसा पाहत होता, याचा प्रत्यक्ष पुरावा याच पुस्तकांत सापडतो. कारण अशा पुस्तकाला कोणत्या तरी वाचकाशी थेट बोलावे लागते. तो वाचक कोण आहे, त्याला किती अधिकार आहे आणि त्याच्या त्रासाला जबाबदार कोण, हे लेखकाला आधी ठरवावे लागते.

प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या अशा निवडक लेखनाचा विचार केला आहे. र. धों. कर्वे यांचे कार्य हा या विवेचनाचा मध्यबिंदू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मराठी आरोग्यविषयक लेखनात वाचकाचे स्थान कसे बदलत गेले, याचा शोध घेणे.
२) 'समाजस्वास्थ्य' मासिकाने या लेखनाला दिलेल्या वळणाचे मूल्यमापन करणे.
३) आजच्या व्यक्तिमत्त्व विकासविषयक पुस्तकांकडे पाहण्याची ऐतिहासिक दृष्टी स्पष्ट करणे.

विवेचन

१. विद्यार्थी वाचक : नव्या वैद्यकाचा परिचय

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथील शिक्षण इंग्रजीतून होते. १८६१ पासून देशी भाषांतून वैद्यकीय शिक्षण देणारे वर्ग भरू लागले आणि मराठीत शास्त्रीय परिभाषा घडवण्याची गरज निर्माण झाली. या कामातील एक महत्त्वाचे नाव म्हणजे डॉ. सखाराम अर्जुन (१८३९-१८८५). त्यांनी मराठीत वैद्यकविषयक ग्रंथ लिहिले. त्यांच्या 'विवाहविज्ञान' या पुस्तकाने विवाह हा केवळ धर्मविधीचा नव्हे, तर शरीरशास्त्राचाही विषय आहे, हे मराठी वाचकापुढे मांडले.

येथे एक संबंध लक्षात घेणे आवश्यक आहे. डॉ. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. बालपणी लावून दिलेल्या विवाहातील पतीकडे नांदावयास जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला आणि १८८४ ते १८८८ या काळात तो खटला देशभर व इंग्लंडमध्येही गाजला. ज्या घरात विवाहाचा शास्त्रीय विचार झाला, त्याच घरातील मुलीने विवाहातील संमतीचा प्रश्न न्यायालयात उभा केला. एकामुळे दुसरे घडले असे विधान करता येणार नाही; तथापि शरीराचे ज्ञान आणि शरीरावरील हक्क हे दोन प्रश्न मराठी समाजात आरंभापासून शेजारी शेजारी होते, एवढे निश्चित म्हणता येते. मात्र या टप्प्यातील वाचक प्रामुख्याने विद्यार्थी होता. डॉक्टर सांगणार आणि वाचक शिकणार, असे या लेखनाचे स्वरूप होते.

२. साधक वाचक : बलोपासनेचे पर्व

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरोग्यविषयक लेखनाचा सूर बदलला. पारतंत्र्याचे एक कारण शारीरिक दुर्बलता आहे, ही भावना सुशिक्षितांत रुजली होती. त्यामुळे व्यायाम हा राष्ट्रकार्याचा भाग मानला गेला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा पद्धतशीर प्रसार केला. संस्थानातील शाळांमध्ये ते सक्तीचे केले. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये निघाले आणि १९३८ मध्ये त्याची नवी आवृत्ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. याच काळात बडोद्याहून 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड क्रमाने प्रकाशित झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा क्ष-किरणांसारख्या साधनांनी अभ्यास सुरू केला.

या लेखनाची थोरवी नाकारता येत नाही. आरोग्य हे औषधाच्या बाटलीत नसून नित्यक्रमात आहे, हा विचार त्याने सामान्य घरापर्यंत नेला. साधनांवाचून, खर्चावाचून करता येईल असा व्यायाम दिला. परंतु या पुस्तकांचा वाचक हा साधक होता. त्याने पहाटे उठावे, नियम पाळावा, संयम राखावा, अशी अपेक्षा होती. नियम मोडला तर दोष त्याच्या इच्छाशक्तीचा. ब्रह्मचर्य हे या विचाराचे नैतिक अधिष्ठान होते. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यातही आहारविहाराइतकेच महत्त्व ब्रह्मचर्याला आहे. वारंवारच्या बाळंतपणाने खंगलेल्या स्त्रीला या शिकवणुकीत एकच उपाय होता, तो म्हणजे संयम; आणि तो उपाय तिच्या हाती नव्हता.

३. प्रश्न विचारणारा वाचक : र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य'

नेमक्या याच ठिकाणी रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांचे कार्य सुरू होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या मातोश्री राधाबाईंचे प्रसूतीच्या वेळी निधन झाले. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्वे यांचे काळाच्या संदर्भातील स्थान स्पष्ट होते. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ही मते महाविद्यालयाच्या चालकांना मानवली नाहीत आणि १९२५ मध्ये कर्वे यांना प्राध्यापकपदाचा राजीनामा द्यावा लागला.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. व्यक्ती व समाज या दोहोंच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याची चर्चा करणे, हा मासिकाचा घोषित उद्देश होता. शारीरिक व मानसिक आरोग्य एकाच वाक्यात आणणे आणि व्यक्तीबरोबर समाजालाही रुग्ण मानणे, या दोन्ही गोष्टी त्या काळात नव्या होत्या. पुढे 'आधुनिक कामशास्त्र' आणि 'आधुनिक आहारशास्त्र' ही त्यांची पुस्तकेही आली. दोन्ही नावांतील 'आधुनिक' हे विशेषण सूचक आहे. आहार असो वा कामजीवन, त्यांचा निकष एकच होता : परंपरा काय सांगते हे नव्हे, तर अनुभव व प्रयोग काय सांगतात ते.

या मासिकाचे खरे वेगळेपण वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत आहे. जो प्रश्न घरात, मित्रमंडळीत किंवा वैद्यापुढेही विचारता येत नव्हता, तो पोस्टाने संपादकाकडे पाठवता येत होता. संपादक उत्तर देत असे ते उपदेशाच्या नव्हे, तर माहितीच्या भाषेत. ज्या गोष्टींना पाप समजून तरुण झुरत होते, त्यांपैकी कितीतरी निसर्गक्रमात येतात, हे सांगणे हाच तेथे उपचार होता. आज आपण ज्याला समुपदेशन म्हणतो, त्याचे एक आद्य रूप मराठीत या पानांवर दिसते. भीती ही अज्ञानातून येते आणि अज्ञान हे लज्जेमुळे टिकते, ही त्यामागील भूमिका होती.

याची किंमत मोठी होती. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून कर्वे यांच्यावर खटला होऊन त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला आणि २०० रुपये दंड झाला. बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध मात्र न्यायालयापुरता राहिला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा प्रस्ताव त्यांच्या पक्षातर्फे मांडला गेला. तोही फेटाळला गेला. कर्वे यांच्या सहकारी शकुंतला परांजपे यांनी हे कार्य पुढे नेले आणि नंतरच्या काळात विधानपरिषद व राज्यसभेपर्यंत हा विषय पोहोचवला.

'समाजस्वास्थ्य' कर्वे यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे चालले. त्याचा वाचकवर्ग मर्यादित, मुख्यतः शिक्षित व शहरी होता, हे मान्य केले पाहिजे. ज्या स्त्रीसाठी हा लढा होता, ती बहुधा हे मासिक वाचू शकत नव्हती. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. कर्वे यांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनीही मौन किती दाट होते, याचा हा पुरावा आहे.

४. अनुभव सांगणारा वाचक : मनाच्या आजाराची भाषा

मनोरुग्णांसंबंधी १९१२ चा कायदा 'वेडेपणा'च्या भाषेत बोलत होता. त्याची जागा १९८७ च्या आणि पुढे २०१७ च्या कायद्याने घेतली. या काळात मराठी लेखनातही बदल होत होता. डॉ. अनिल अवचट यांनी ऐंशीच्या दशकात 'गर्द'च्या व्यसनावर केलेले लेखन याचे उत्तम उदाहरण होय. त्या लेखांत व्यसनी तरुण हा धिक्काराचा नव्हे, तर समजून घेण्याचा विषय झाला. पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, डॉ. अनिता अवचट यांनी त्याची धुरा वाहिली. लेखनातून संस्था उभी राहिल्याचे हे विरळ उदाहरण आहे. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन झाली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनातून मराठीत आली.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात हे परिवर्तन पूर्ण झालेले दिसते. येथे डॉक्टर स्वतःच रुग्ण आहे. आहार, व्यायाम व ध्यान यांची माहिती तो देतोच. परंतु आपल्या धावपळीची आणि महत्त्वाकांक्षेचीही झडती घेतो. औंधच्या परंपरेतील नित्यक्रम आणि कर्वे यांच्या परंपरेतील निःसंकोच प्रश्न या दोहोंचा संगम या पुस्तकात झाला आहे.

५. आजची स्थिती

एकविसाव्या शतकात अनुवादित व स्वतंत्र व्यक्तिमत्त्व विकासपर पुस्तकांची मराठीत विपुलता झाली. त्यांपैकी काही निश्चित उपयुक्त आहेत. मात्र यांतील पुष्कळ पुस्तकांनी वाचकाला पुन्हा साधकाच्या आसनावर बसवले आहे. विचार बदला म्हणजे परिस्थिती बदलेल, या सूत्रात यश वाचकाचे नव्हे, तर सूत्राचे ठरते आणि अपयश मात्र सर्वस्वी वाचकाचे. शुल्क भरता न आलेला विद्यार्थी, पीक बुडालेल्या घरातील मुलगी किंवा जातीमुळे वसतिगृहात एकटा पडलेला तरुण यांच्या निराशेचे कारण केवळ त्यांच्या विचारपद्धतीत शोधणे हे अपुरे आहे आणि अन्यायकारकही आहे. औंधच्या नियमामागे निदान राष्ट्राची कल्पना होती. येथे पुष्कळदा तीही नाही.

निष्कर्ष

१) मराठी आरोग्यविषयक लेखनातील वाचक विद्यार्थी, साधक, प्रश्नकर्ता आणि अनुभवकथन करणारा अशा क्रमाने बदलत गेला; मात्र जुनी रूपे लोपली नाहीत, ती नव्या वेषात परत येत राहिली.
२) 'समाजस्वास्थ्य'ने मराठीत प्रथमच वाचकाच्या प्रश्नाला ज्ञाननिर्मितीचा आरंभबिंदू मानले आणि व्यक्तीच्या व समाजाच्या आरोग्याची सांगड घातली.
३) शरीर व मन यांविषयीचे मोकळे लेखन कायद्याच्या आणि लोकमताच्या विरोधात उभे राहूनच शक्य झाले.
४) व्यक्तीच्या प्रयत्नाला महत्त्व देताना तिच्या परिस्थितीला विसरणारे लेखन हे या परंपरेच्या निम्म्याच भागाचे वारसदार आहे.

समारोप

महाविद्यालयांतून आज समुपदेशन कक्ष आहेत आणि विद्यार्थी शिक्षकांना विचारतात की मन खचले असता काय वाचावे. या प्रश्नाला उत्तर देताना पुस्तकाच्या खपापेक्षा एक कसोटी अधिक उपयोगी पडेल : हे पुस्तक वाचकाला प्रश्न विचारू देते, की त्याला केवळ आज्ञा देते? १९३४ मध्ये ज्या उत्तरांसाठी दंड भरावा लागला, ती उत्तरे आज निर्भयपणे देता येतात. ती देण्याची जबाबदारी शिक्षकाने पुस्तकावर सोपवून मोकळे होऊ नये, हाच या इतिहासाचा बोध आहे.