तळटीप : नळीच्या टोकाचा कायमचा जोड

1994च्या अमेरिकी संघीय कायद्याने, काढता येणारे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या निषिद्ध लक्षणांत फ्लॅश सप्रेसर (गोळी सुटतानाची ज्वाला कमी दिसावी म्हणून नळीच्या टोकाला लावलेला भाग) आणि तो बसवण्यासाठी आटे पाडलेली नळी यांची गणना केली. हा कायदा 2004मध्ये संपला. न्यू जर्सीसारख्या राज्यांत ही अट टिकली. म्हणून तेथे आट्यांवर फ्लॅश सप्रेसर बसवता येऊ नये यासाठी मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) आट्यांवर चढवून, छिद्रात पिन ठोकून तिच्या डोक्यावर वेल्डिंग करतात. ग्राइंडरने हा जोड कापता येतोच, मग उपयोग काय, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. जोड कधीच निघू नये, अशी कायद्याची अपेक्षा नाही. हाताने फिरवून क्षणात होणारा बदल आणि अवजारे लावून, नळी बिघडण्याचा धोका पत्करून केलेला बदल यांत तो भेद करतो, आणि हा भेद रास्त आहे. मात्र वेल्डिंग केल्याने फ्लॅश सप्रेसर कायदेशीर ठरत नाही. नळी किमान 16 इंचांची हवी, ही संघीय अट वेगळी. कायमचा जोडलेला भाग त्या मापात धरला जातो.