विमानात फोन फ्लाइट मोडवर का टाकायला लावतात? एका फोनने विमान खरंच पडतं का?

रावेतहून लोहगाव विमानतळ सरळ रेषेत साधारण २० किलोमीटरवर आहे. पश्चिमेकडून धावपट्टीवर येणारी विमानं पिंपरी-चिंचवडच्या आकाशातून खाली खाली येत जातात. उतरण्याचा नेहमीचा कोन ३ अंशांचा असतो. त्या हिशोबाने एवढ्या अंतरावर विमान धावपट्टीपेक्षा जेमतेम एक किलोमीटर उंच असतं. खाली सगळीकडे मोबाइल टॉवर. विमानात कुणी फोन चालू ठेवला असेल तर इथेच कुठेतरी त्याला रेंज मिळू लागते आणि 'पोचतोय दहा मिनिटांत' असे मेसेज सुटतात.

एअर होस्टेस मात्र तेव्हाच फोन फ्लाइट मोडवर ठेवायला सांगत असते. बरेच जण दुर्लक्ष करतात आणि विमान सुखरूप उतरतं. मग हा नियम नुसता दिखावा आहे का?

सुरुवात मोबाइलने नाही, रेडिओने झाली

ही बंदी मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेने विमानात एफएम रेडिओ ऐकायला मनाई केली. रेडिओ तर फक्त ऐकतो, तो काय त्रास देणार, असं वाटेल. पण स्टेशन पकडण्यासाठी रेडिओच्या आत एक छोटी लहर तयार करावी लागते. बहुतेक एफएम रेडिओंमध्ये ती स्टेशनच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने जास्त असते आणि तिचा थोडा अंश बाहेर गळतो.

पुण्याचंच गणित करून पाहा. विविध भारती १०१ वर लागते. त्यात १०.७ मिळवा, उत्तर १११.७. आणि विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणाऱ्या आयएलएस यंत्रणेचा पट्टा १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ! लोहगावचं आयएलएस नेमकं १११.७ वरच चालतं असं नव्हे, पण जगातली यंत्रणा ज्या फ्रिक्वेन्सी वापरते त्यांत ही एक आहे. म्हणजे खिशातला साधा ट्रान्झिस्टर नकळत वैमानिकाच्या वाटाड्याच्या आवाजात आवाज मिसळू शकत होता.

विमानाचे अँटेना बाहेरच्या पत्र्यावर असतात आणि दूरवरून येणारे अगदी क्षीण सिग्नल पकडतात. प्रवाशांच्या उपकरणांतून निघणाऱ्या लहरी खिडक्यांतून बाहेर पडून त्या अँटेनांपर्यंत जाऊ शकतात. दुसरी वाट आतूनच आहे, भिंतीमागून जाणाऱ्या वायरींमधून.

मोबाइल आला आणि प्रश्न वाढला

जुना २जी फोन ९०० मेगाहर्ट्झवर कमाल २ वॉट ताकदीने बोलतो, तोही सलग नाही, तर सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांत. पूर्वी फोन येण्याआधी टीव्हीच्या स्पीकरमधून 'टिडिक-टिडिक' आवाज यायचा, तो हाच. तोच आवाज वैमानिकाच्या हेडफोनमध्येही येतो. टॉवरकडून उंचीची सूचना येत असताना मध्येच एखादा शब्द बुजला, तर त्याला गंमत म्हणता येत नाही. आजच्या ४जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॉट असते, म्हणजे दहावा हिस्सा. मात्र टॉवर जेवढा दूर, तेवढा फोन जोर लावतो. शिवाय टॉवरचे अँटेना जमिनीकडे झुकवलेले असतात. म्हणून विमानातला फोन बऱ्याचदा पूर्ण ताकदीने ओरडत राहतो. बॅटरी झपाट्याने उतरते ती याचमुळे.

अमेरिकेत १९९१ साली हवेत मोबाइल वापरायला बंदी आली, ती वेगळ्याच कारणाने. वरून फोनला एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात, त्यामुळे जमिनीवरच्या नेटवर्कचा गोंधळ होईल ही भीती होती. म्हणजे नियमामागे काळजी विमानाची तशी खालच्यांचीही होती.

पुरावा काय सांगतो?

इथे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन्ही टोकांच्या गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात. प्रवाशाच्या फोनमुळे मोठं प्रवासी विमान कोसळल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालेलं नाही. वैमानिकांच्या तक्रारी मात्र शेकड्यांनी नोंदल्या गेल्या आहेत: ऑटोपायलट सुटला, सुई हलली, उपकरण बंद करायला लावलं आणि सगळं जागेवर आलं. अडचण अशी की हे पुन्हा घडवून दाखवता येत नाही. बोइंगने एकदा संशयित लॅपटॉप प्रवाशाकडून चक्क विकत घेऊन तपासला, पण बिघाड काही पुन्हा झाला नाही.

प्रयोगशाळेत मात्र काही गोष्टी दिसल्या. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाने २००३ मध्ये छोट्या विमानांतल्या उपकरणांवर मोबाइलसारख्या लहरींचा मारा केला, तेव्हा होकायंत्र अडकलं आणि सुया डगमगल्या. त्याच वर्षी ६ जूनला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ एक छोटं विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १० पैकी ८ जण गेले. शेवटच्या काही मिनिटांत वैमानिकाचा स्वतःचा फोन कॉलला जोडलेला होता. त्याने उपकरणावर चुकीचं दर्शन झालं असण्याची शक्यता तपास आयोगाने नोंदवली, ठाम निष्कर्ष काढला नाही. 'शक्यता' एवढाच शब्द, पण नियम करणाऱ्याला तो पुरेसा असतो.

२०१४ चं प्रकरण जास्त ठोस आहे. वायफाय बसवण्याच्या चाचणीत बोइंगच्या कॉकपिटमधले काही स्क्रीन काळे पडल्याचं दिसलं होतं. उड्डाणात असं काही घडलं नव्हतं, तरी अमेरिकेने १,३२६ विमानांतले ते स्क्रीन बदलायचा आदेश काढला.

मग आता सूट कशी मिळाली?

कारण नवी विमानं अशा लहरी सोसतील अशी बनवली आणि तपासली जातात. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेने, तर एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डीजीसीएने फ्लाइट मोडवरची उपकरणं टेकऑफ-लँडिंगलाही चालू ठेवायला परवानगी दिली. २०१८ च्या नियमांनी भारतीय आकाशात ३,००० मीटरवर इंटरनेटची वाट मोकळी केली, आणि २०२० मध्ये विमानातलं वायफाय वापरू देण्याचा अधिकार वैमानिकाला मिळाला. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाच्या काही देशांतर्गत विमानांतही वायफाय आहे. विमानातला राऊटर तुमच्यापासून काही फुटांवर असतो, फोनला हळू बोललं तरी पुरतं. दूरच्या टॉवरला हाका मारणारा सिमकार्डचा फोन आणि वायफायवरचा फोन यांत हाच फरक.

पुण्यात गाडी अडली ती ५जी टॉवरवर

अलीकडची मोठी काळजी प्रवाशाच्या खिशातली नाही, विमानतळाबाहेरची आहे. विमानात रेडिओ अल्टिमीटर नावाचं यंत्र असतं. ते खाली लहर पाठवून तिच्या प्रतिध्वनीवरून जमिनीपासूनची नेमकी उंची मोजतं. त्याचा पट्टा ४,२०० ते ४,४०० मेगाहर्ट्झ. धुक्यात, पावसात धावपट्टी दिसत नसताना याच आकड्यावर भिस्त असते.

अमेरिकेत ५जीला ३,७०० ते ३,९८० चा पट्टा दिला गेला. शेजार जवळचा झाला. १९ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाला मुंबई-नेवार्कसह अमेरिकेची काही उड्डाणं रद्द करावी लागली. भारतातला पट्टा ३,३०० ते ३,६७०, म्हणजे मध्ये ५३० मेगाहर्ट्झची मोकळी जागा. तरीही दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस कंपन्यांना कळवलं: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या भागात या पट्ट्यातले ५जी टॉवर नकोत. त्यापुढच्या ५४० मीटरच्या पट्ट्यात ताकद मर्यादित आणि अँटेना खाली झुकवलेले. पुणे आणि नागपूर विमानतळांवर तोवर एअरटेलचे ५जी टॉवर लागलेलेही होते.

लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची. म्हणजे हा आयत जवळजवळ पावणेसात किलोमीटर लांब आणि १.८ किलोमीटर रुंद झाला. रावेत त्याच्या कितीतरी बाहेर आहे, त्यामुळे तिथल्या सोसायट्यांत ५जीची रेंज कमी पडली तर दोष विमानांना देता येणार नाही. विमानतळाच्या अगदी शेजारी ५जी अडखळत असेल, तर मात्र ते जुन्या अल्टिमीटरचं कारण असू शकतं.