टाकीतला फ्लोट आणि समोरचा काटा

छोट्या विमानात इंधन मोजण्याची साधने बदलत गेली, तरी टाकीत तरंगणारा फ्लोट बराच काळ टिकून राहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून डब्यांत आले होते. भरलेले पेट्रोल आणि हातातले घड्याळ यांचा हिशेब त्या काळच्या वैमानिकाला सतत मनात ठेवावा लागे. त्याच सुमाराच्या टायगर मॉथमध्ये १९ गॅलनची टाकी वरच्या पंखांच्या मधोमध असे. तिच्या माथ्यावरचा फ्लोटचा दर्शक बसल्या जागेवरून दिसे. विजेचा संबंधच नसल्याने त्यात बिघडण्यासारखे फार थोडे होते.

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये विंचच्या दोराने वर चढणाऱ्या ग्लायडरांना इंधनाच्या या चिंतेशी देणेघेणे नाही. पुणे जिल्ह्यातच बारामतीच्या धावपट्टीवर मात्र प्रशिक्षणासाठी सेसना १५२ आणि १७२ वापरात आल्या. त्यांच्या टाक्या दोन्ही पंखांत, म्हणून फ्लोटची हालचाल विजेने काट्यापर्यंत न्यावी लागते. हे काम सेंडर करतो: फ्लोटची दांडी वरखाली होते, तिच्या टोकाचा संपर्कबिंदू रोधकाच्या तारेवर सरकतो आणि रोध बदलला की काटा हलतो. वर्षानुवर्षे त्याच जागी घासून तार झिजते, अर्थिंगचा जोड गंजतो, फ्लोटला चीर पडली की तो बुडतो. मग टाकी भरलेली असूनही काटा शून्यावर येतो किंवा नुसता थरथरतो.

काटा फक्त रिकाम्या टाकीलाच खरा असला तरी चालते, असा एक समज वैमानिकांत आहे. तो चुकीचा आणि घातक आहे. अमेरिकी नियमानुसार शून्याची खूण सरळ उड्डाणात वापरता न येणारे इंधनच उरले असताना यावी लागते. पण प्रत्येक टाकीतले वापरता येणारे इंधन उड्डाणभर दाखवण्याची सोयही त्याच नियमात सक्तीची आहे. सेसना १५२ च्या साध्या टाक्यांत मिळून सुमारे ९८ लिटर मावते, त्यातले साडेपाच-सहा लिटर इंजिनाला मिळतच नाही.

सेंडर बदलताना टाकी उपसावी लागते, बॅटरी तोडतात आणि विमानाला अर्थिंग जोडतात, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची. जुना सेंडर काढून नवा नव्या गॅस्केटसह बसवतात. नवा सेंडर बसला म्हणून काटा आपोआप खरा होत नाही. विमान समपातळीत ठेवून आधी न वापरता येणारे इंधन ओततात, तिथे शून्य जुळवतात, मग टप्प्याटप्प्याने मोजून इंधन घालत काटा पडताळतात. घाईत नेमका हाच भाग गाळला जातो. शेवटी परवानाधारक विमान देखभाल अभियंता (एएमई) लॉगबुकात नोंद करून सही करतो. त्यानंतरही डिपस्टिकने इंधन मोजणे सुटत नाही आणि सेंडरभोवती निळा डाग दिसतो का, हे पाहत राहावे लागते; १०० एलएल इंधन निळे असल्याने गॅस्केटची गळती तिथेच कळते.