पदवी डरहॅमची, घाम न्यूकॅसलचा

श्रोतेहो, मुख्य विद्यापीठ आणि त्याची परगावची शाखा ह्यांचे नाते मायलेकींचे, असे म्हणण्याची रीत आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणी नाते सांगितले की किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, हे आम्ही आधी विचारतो.

इंग्लंडच्या ईशान्य भागातले उदाहरण घेऊ. डरहॅम हे कॅथीड्रलचे गाव. तेथील धर्माधिकाऱ्यांनी १८३२ साली विद्यापीठ स्थापले. तेथून सुमारे १५ मैलांवर टाईन नदीकाठी न्यूकॅसल. तेथे कोळसा, लोखंड आणि जहाजे. ह्या शहरात १८३४ साली वैद्यकशाळा निघाली व पुढे ती डरहॅमला जोडली गेली. १८७१ साली विद्यापीठाच्याच छत्राखाली तेथे विज्ञानाचे कॉलेज उघडले. विषय चार: गणित, पदार्थविज्ञान, रसायन व भूगर्भशास्त्र. खाणींना व कारखान्यांना हवे होते तेच. पदवी मात्र डरहॅमची.

त्याच १८७१ साली न्यूकॅसलच्या यंत्रकामगारांनी जॉन बर्नेट ह्यांच्या नेतृत्वाखाली नऊ तासांच्या दिवसासाठी संप पुकारला. मालकांचे पुढारी होते विल्यम आर्मस्ट्राँग. परदेशांतून माणसे आणूनही संप मोडला नाही. सुमारे पाच महिन्यांनी ५४ तासांचा आठवडा मान्य झाला. १९०४ साली कॉलेजला नाव मिळाले ते आर्मस्ट्राँग ह्यांचे! १८८७ साली इमारतीची कोनशिला त्यांनीच बसविली होती, हे मान्य. परंतु कामगाराला पुस्तक उघडावयाचे तर आधी संध्याकाळ मोकळी हवी. ती देणगीतून येत नाही, लढ्यातून येते. तिची कोनशिला मात्र कोणी बसवीत नाही.

पुढे १९०८ साली विद्यापीठाचे डरहॅम व न्यूकॅसल असे दोन विभाग झाले. १९३७ साली न्यूकॅसलची दोन्ही कॉलेजे एक होऊन किंग्ज कॉलेज बनले. विद्यार्थिसंख्येत ते डरहॅमच्याही पुढे गेले. शेवटी १९६३ साली पार्लमेंटच्या कायद्याने न्यूकॅसलचे स्वतंत्र विद्यापीठ झाले.

वडाची पारंबी जमिनीला टेकली, तिला मूळ फुटले की तिचेच खोड होते. ह्यात वडाचा अपमान नाही. डरहॅमही टिकले, न्यूकॅसलही वाढले. किल्ल्या एका कमरेवरून दुसऱ्या कमरेला गेल्या, हे चांगलेच झाले. परंतु त्या किल्ल्यांनी दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न दोन्ही गावांना विचारावयाचा राहतोच. आम्ही तो विचारीत राहू.