ताडोबातील चितळ आणि व्रण न ठेवणारी जखम

१/ चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत मोहफुले व तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या काहींच्या चेहऱ्यावर अस्वलाच्या हल्ल्याचे व्रण आयुष्यभर राहतात. त्याच जंगलात चितळ आणि सांबराचे नर डोक्यावरचा एक अवयव पुन्हा पुन्हा गमावतात. ती जखम व्रणाशिवाय भरते आणि अवयव नव्याने उगवतो. हा त्या शिंगाचा इतिहास.

२/ आधी एक भेद. काळवीट, नीलगाय, चौशिंगा यांचे शिंग हाडाच्या गाभ्यावर चढवलेल्या म्यानासारखे असते आणि जन्मभर टिकते. चितळ व सांबराचे शिंग मात्र भरीव हाडाचे. ते गळते आणि परत येते. मराठीत दोन्हींना ‘शिंग’ हा एकच शब्द आहे.

३/ शिंग गळण्याचे कुतूहल जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदवले होते की, शिंगे आलेल्या नराचे वृषण काढले तर त्याची शिंगे गळत नाहीत. संप्रेरकांचा शोध लागण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीचे हे निरीक्षण. महाराष्ट्रातील घरांत सांबरशिंग सहाणेवर उगाळून दुखऱ्या भागावर लेप देण्याची रीत होती.

४/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. चांदा जिल्हा त्यात आला. (गडचिरोली त्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला.) वनाधिकारी जेम्स फॉर्सिथ यांच्या ‘द हायलंड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) सारख्या पुस्तकांनी ही जंगले शिकारप्रेमींना परिचित करून दिली.

५/ या शिकाऱ्यांत एक वाद रंगला : हिंदुस्थानातील हरणे दरवर्षी शिंगे गाळतात की नाही? युरोपातील लाल हरणांची शिंगे ठरावीक ऋतूत गळतात. इथे मात्र एकाच कळपात एका चितळाची शिंगे टणक, दुसऱ्याची मखमली, तिसऱ्याची नुकती गळलेली दिसत. प्रत्येक नराचे चक्र वेगळे चालते, हे कळपाकडे एकदाच पाहून उमगणारे नव्हते.

६/ शिवाय शिकाऱ्यांची मोजपट्टी शिंगाच्या लांबीवर फिरे. भिंतीवर टांगायचे ते मेलेले हाड. शिंग जिथून गळते तो कपाळावरचा खुंट मात्र दुर्लक्षित राहिला. पुढे १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून शिंग बाळगणे गुन्हा ठरले.

७/ खरी घटना त्या खुंटावर घडते. टेस्टोस्टेरॉन उतरले की शिंगाच्या मुळाशी हाड विरघळू लागते आणि शिंग निखळते. उघड्या जखमेवर कडांकडून त्वचा सरकत येते, केसांसह. तिच्याखाली नवे शिंग वाढते. मोठ्या जातींच्या हरणांत ही वाढ दिवसाला सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत जाते. वाढ पूर्ण झाली की मखमल सुकते आणि नर ती झाडावर घासून काढतो.

८/ १९७४ मध्ये हार्टविग आणि श्रुड्डे या संशोधकांनी शिंगाच्या जागेवरील हाडाचे आवरण हरणाच्या पुढच्या पायावर रोपले, तर तिथेही शिंगासारखी वाढ झाली. म्हणजे बीज त्या आवरणात होते. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात शिंगातील अशा मूळपेशींचे वर्णन केले. उंदरांच्या डोक्यावर रोपल्यावर त्यांच्यापासून कूर्चा आणि हाड तयार झाले.

९/ जखमेच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग कॅनडातील रेनडिअरवरचा. २०२२ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. एकाच प्राण्याच्या मखमलीवर आणि पाठीवर जखमा केल्या. मखमल केसांसह पूर्ववत झाली, पाठीवर व्रण उरला. पाठीच्या त्वचेतील पेशी दाह वाढवणाऱ्या पेशींना बोलावत होत्या, मखमलीतील पेशी तो आवरत होत्या.

१०/ माणसाची त्वचाही गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात व्रणाशिवाय भरते. मग ती क्षमता मावळते. भाजलेल्या हाताची बोटे आखडतात, ओरबाडलेल्या चेहऱ्यावर पापणी मिटत नाही, ते याच व्रणांच्या ताणामुळे. शस्त्रक्रियेने हा ताण कमी करता येतो, पण जखम व्रणाशिवाय भरून आणणारा उपचार अजून हाती नाही. पण प्रश्न आता नेमका झाला आहे : तो दाह आवरायचा कसा? चांद्याच्या जंगलातील शिकारी शिंगांची लांबी मोजत होते, तेव्हाही शेजारच्या कळपातील एखाद्या चितळाच्या खुंटावर जखम निमूटपणे भरत होती.