सभ्यता व चाचेगिरी : सुवर्णदुर्गाचा दाखला

सभेत बसण्यास योग्य तो सभ्य, असा या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ. यूरोपीय भाषांतील त्याचे प्रतिशब्द नागरिकवाचक लॅटिन शब्दावरून आले आहेत. सभेबाहेरचा वा नगराबाहेरचा कोणीतरी आहे, हे दोन्हींत गृहीत धरलेले आहे. तो कोण हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती जातो, याचे बोलके उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हर्णे येथे आढळते.

हर्णे बंदरासमोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग असून किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे त्याचे साहाय्यक दुर्ग आहेत. मराठ्यांचा सरखेल कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) याच्या आरमाराचे हे एक प्रमुख ठाणे होते. दस्तक न घेता जाणारी जहाजे तो पकडी. ही रीत त्याने काढलेली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ हे परवाने सक्तीने घ्यावयास लावीत. इंग्रजांनी मात्र दस्तक घेण्याचे नाकारले व आंग्र्यांना चाचे ठरविले. मुंबईचा गव्हर्नर फिप्स याला १७२४ मध्ये धाडलेल्या पत्रात कान्होजीने, परक्याच्या मालमत्तेची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, असे रोखठोक कळविले. खुद्द इंग्लंडात खाजगी जहाजांना शत्रूची गलबते लुटण्याची राजसनद मिळे व ती लूट कायदेशीर गणली जाई. ही प्रथा १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने बंद झाली. छत्रपतींनी नेमलेल्या सरखेलाजवळही सनद होतीच. फरक ती कोणाची एवढाच.

कान्होजीचा पुत्र तुळाजी पेशव्यांस जुमानीनासा झाला, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी संधान बांधले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गही पडला व आंग्र्यांचे आरमार जळाले. एका बंडखोर सरदारास वठणीवर आणण्यासाठी मराठ्यांनी स्वतःचेच आरमारी बळ गमावले. वॉटसन व क्लाइव्ह यांच्या अधिकाऱ्यांनी विजयदुर्गावरील हल्ल्यापूर्वीच लुटीची वाटणी ठरवून ठेवली होती. सु. दहा लाखांची लूट त्यांच्यात वाटली गेली. दोस्त मराठ्यांना त्यात वाटा नव्हता. या लुटीस मात्र कोणी चाचेगिरी म्हटले नाही.

जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधविला. तो अद्याप उभा असून ‘सेव्हर्नड्रूग’ हे त्याचे नाव सुवर्णदुर्गाचाच अपभ्रंश होय.